शरीरात वाढणारा दुसरा सांगाडा

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात म्यूटर म्युझियम नावाचे वैद्यकीय संग्रहालय आहे. तेथे एका काचेच्या कपाटात हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा उभा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात ठेवलेला सांगाडा सहसा तारांनी आणि खिळ्यांनी बांधलेला असतो. माणूस गेल्यावर सांधे जोडून ठेवणारे मऊ भाग नाहीसे होतात आणि उरतो तो सुट्या हाडांचा ढीग. ईस्टलॅक यांच्या सांगाड्याला असा आधार फारसा लागला नाही, कारण त्यांच्या बहुतेक सांध्यांवर हाडांचे पूल तयार झाले होते. पाठीवर हाडांच्या पट्ट्या आहेत, दंडाचे हाड बरगड्यांना जोडले गेले आहे, जबडा बंद झाला आहे. मूळ सांगाड्यावर जणू दुसरा सांगाडा चढला आहे.

ईस्टलॅक यांचा जन्म १९३३ चा. चार-पाच वर्षांचे असताना बहिणीबरोबर बाहेर खेळताना त्यांना मोटारीची धडक बसली आणि पाय मोडला. लहान मुलांची हाडे लवकर जुळतात, पण हा पाय काही नीट बरा होईना. गुडघा आणि कंबर ताठ होत गेली. पायाच्या स्नायूंत हाड वाढलेले दिसले. डॉक्टरांनी ते शस्त्रक्रिया करून काढले, तर त्याच जागी आणखी हाड आले. पुढे पाठ, मान, छाती असे करत हा ताठरपणा सर्व शरीरभर पसरला. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये, चाळिसावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना फक्त ओठ हलवता येत होते. आपल्या आजाराचा कोणाला तरी उलगडा व्हावा म्हणून त्यांनी आपले शरीर संशोधनासाठी देऊ केले होते.

या आजाराचे नाव फायब्रोडिस्प्लेजिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, थोडक्यात एफओपी. स्नायू, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध यांचे हळूहळू खऱ्या हाडात रूपांतर होणे, असा या लांबलचक नावाचा अर्थ. साधारण दहा लाखांत एकाला हा आजार होतो असे मानले जाते. जगभरात निदान झालेल्या रुग्णांची संख्या हजाराच्याही आत आहे. एवढ्या थोड्या लोकांच्या आजाराबद्दल सर्वसामान्य वाचकाने का वाचावे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर या आजाराच्या पहिल्या खुणेत आहे. ती जन्मताच दिसते, ती ओळखायला एकही यंत्र लागत नाही, आणि तरीही ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

पायाचा अंगठा काय सांगतो?

एफओपी असलेले बाळ जन्मते तेव्हा अगदी निरोगी दिसते. वजन, रडणे, दूध पिणे, सगळे ठीक. वेगळी असते ती एकच गोष्ट. दोन्ही पायांचे अंगठे नेहमीपेक्षा आखूड असतात आणि टोकाशी बाजूच्या बोटांकडे वळलेले असतात. अंगठ्यात जिथे सांधा असायला हवा तिथे तो नीट बनलेलाच नसतो. बहुतेक घरांत याकडे ‘आजोबांसारखी बोटं आहेत’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते, नाही तर बूट-चपला घालायला लागल्यावर नीट होईल म्हणून सोडून दिले जाते. काही बाळांच्या हाताचे अंगठेही थोडे आखूड असतात. अनेकांची मान लहानपणापासूनच थोडी ताठ असते. त्यामुळे ती रांगण्याऐवजी बसल्या बसल्या पुढे सरकतात.

खरा त्रास सुरू होतो तो बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत. एक दिवस मुलाच्या मानेवर किंवा पाठीवर अचानक गाठ येते. ती दुखते, गरम लागते, कधी एका रात्रीत लिंबाएवढी होते. काही दिवसांत ती जागा बदलते किंवा मऊ पडते आणि आई-वडील सुटकेचा निःश्वास टाकतात. पण काही आठवड्यांनी त्या जागी हात लावला की कडक लागते. तिथे हाड तयार झालेले असते. मान पूर्वीइतकी वळत नाही, हात पूर्वीइतका वर जात नाही.

हा आजार शरीरात एका ठरलेल्या वाटेने फिरतो. आधी पाठीकडचा भाग, मग पोटाकडचा. आधी मान आणि खांदे, मग कंबर आणि पाय. आधी धडाजवळचे सांधे, मग दूरचे. गर्भात बाळाचा सांगाडा साधारण याच क्रमाने घडतो, हे अभ्यासकांच्या लक्षात आले आहे. जणू गर्भातला तो जुना कार्यक्रम जन्मानंतर पुन्हा चुकीच्या जागी सुरू होतो. काही स्नायू मात्र या तडाख्यातून वाचतात. हृदय, श्वासपटल, जीभ, डोळे फिरवणारे स्नायू आणि आतड्यांसारख्या अवयवांतले अनैच्छिक स्नायू हाडात बदलत नाहीत. म्हणूनच सर्व शरीर जखडलेला माणूसही पाहू शकतो, बोलू शकतो, विचार करू शकतो. बुद्धीवर या आजाराचा परिणाम होत नाही. हे सगळ्यांत अवघड आहे आणि सगळ्यांत दिलासा देणारेही.

जिथे नको तिथे, पण अगदी खरे हाड

शरीरात एखाद्या जागी चुना साचतो, तसे हे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. रक्तवाहिनीत किंवा मूत्रपिंडात कॅल्शियम साचते तेव्हा तो निर्जीव थर असतो. एफओपीमध्ये तयार होणारे हाड जिवंत आणि पूर्ण विकसित असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जा असते, आणि ते मोडले तर साध्या हाडासारखे जुळूनही येते. हाडात दोष नसतो, जागेत असतो.

ते घडते कसे, हे समजायला मोडलेले हाड जुळण्याची प्रक्रिया आठवावी. हात मोडला की त्या जागी आधी सूज येते. मग तिथे मऊ, लवचिक कूर्चा तयार होते. कान आणि नाकाचे टोक जिच्यामुळे वाकते ती ही कूर्चा. पुढे तिची जागा हळूहळू हाड घेते. एफओपीत हीच पायरी स्नायूत घडते. जराशी इजा झाली, मुका मार लागला, ताण बसला किंवा साधा फ्लू झाला की प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे धाव घेतात. निरोगी माणसात त्या जखम साफ करतात आणि स्नायू पुन्हा भरून येतो. एफओपीच्या रुग्णात स्नायूतंतू नष्ट होतात, आणि स्नायूच्या दुरुस्तीला मदत करणाऱ्या तिथल्याच पेशी कूर्चा आणि मग हाड बनवू लागतात. गवंड्याला भिंतीला प्लास्टर करायला सांगावे आणि त्याने खिडकीच बांधून बुजवून टाकावी, तसा हा प्रकार.

म्हणूनच हे हाड शस्त्रक्रियेने काढता येत नाही. सुरीचा प्रत्येक घाव ही नवी इजा, आणि प्रत्येक इजा म्हणजे नवे हाड. ईस्टलॅक यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. आगीतून फुफाट्यात, ही म्हण या शस्त्रक्रियांना तंतोतंत लागू पडते.

तीन अब्ज अक्षरांत एक चूक

एफओपीच्या नोंदी जुन्या आहेत. सतराव्या शतकात फ्रेंच वैद्य गी पातँ यांनी ‘लाकडासारख्या’ झालेल्या एका स्त्रीबद्दल पत्रात लिहिले होते. १७३६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन फ्रीक यांच्याकडे सुमारे चौदा वर्षांचा एक मुलगा पाठीवरच्या गाठी घेऊन आला. त्याच्या पाठीवरची हाडे पोवळ्याच्या फांद्यांसारखी एकमेकांत गुंतली होती, असे वर्णन फ्रीक यांनी रॉयल सोसायटीला कळवले. पुढची दोनेकशे वर्षे हा स्नायूंच्या दाहाचा आजार समजला जात होता. दोष स्नायूंपुरता नाही, शरीराला जोडून ठेवणाऱ्या ऊतींचा आहे, हे ध्यानात आल्यावर १९७० मध्ये अमेरिकी जनुकतज्ज्ञ व्हिक्टर मॅकुसिक यांनी त्याला आजचे नाव दिले.

कारण शोधणे अवघड होते, कारण रुग्णच सापडत नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अस्थिरोगतज्ज्ञ फ्रेडरिक कॅप्लन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या आजाराला वाहून घेतले. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, स्वतः एफओपीग्रस्त असलेल्या जीनी पीपर यांनी रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय संघटना सुरू केली. वयाच्या चौथ्या वर्षी निदान झालेल्या पीपर यांनी आयुष्याची बरीच वर्षे आपल्यासारखा दुसरा माणूस पाहिलाच नव्हता. संघटनेच्या पहिल्या यादीत मोजके अकरा जण होते. पत्राने पत्र जोडत ही यादी वाढली, देशोदेशीचे रुग्ण एकमेकांना भेटले, घरोघरी कार्यक्रम करून संशोधनासाठी पैसा उभा राहिला.

बहुसंख्य रुग्णांमध्ये हा दोष आई-वडिलांकडून आलेला नसतो, तो गर्भधारणेच्या सुमारास नव्याने घडलेला असतो. आनुवंशिक आजाराचे जनुक शोधायचे तर एकाच घरातले अनेक रुग्ण लागतात. एफओपीचे बहुतेक रुग्ण मूल होण्याच्या वयापर्यंत इतके जखडलेले असतात की अशी कुटुंबे जगात मूठभरच निघाली. त्या कुटुंबांच्या रक्तनमुन्यांवर पंधराएक वर्षे काम केल्यावर २००६ मध्ये कॅप्लन, आयलीन शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक शोधले. त्याचे नाव एसीव्हीआर१. ते मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर असते. आपल्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. एफओपीच्या बहुतांश रुग्णांत त्यातले एकच अक्षर, ठरलेल्या एकाच ठिकाणी, बदललेले असते. त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनातला २०६ व्या क्रमांकाचा आर्जिनिन हा घटक जाऊन तिथे हिस्टिडिन येतो. एवढ्या बदलाने माणसाचे सारे आयुष्य बदलते.

हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि ‘हाड बनवा’ हा निरोप आत पोहोचवते. हा निरोप शरीर जपून देते. घरातल्या गॅसच्या शेगडीशी तुलना केली तर हे प्रथिन म्हणजे शेगडीचा नॉब. निरोगी माणसात तो घट्ट बंद असतो आणि हाड मोडल्यावर गरजेपुरताच उघडतो. एफओपीत नॉब थोडा सैल असतो, त्यामुळे गॅस कायम किंचित गळत राहतो. २०१५ मध्ये रीजेनेरॉन या अमेरिकी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. जखमेच्या जागी ॲक्टिव्हिन ए नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते. निरोगी पेशीत ते या नॉबला बंदच ठेवते. बदललेल्या नॉबला मात्र तेच प्रथिन पूर्ण उघडते. ज्या हाताने गॅस बंद करायचा, त्याच हाताने तो भडकतो. मार लागल्यावर, सूज आल्यावरच नवे हाड का येते, या जुन्या कोड्याचा मोठा भाग त्यामुळे सुटला.

उपचारच जेव्हा इजा करतो

या आजाराची सर्वांत कडू बाजू रुग्णालयात दिसते. मुलाच्या पाठीवर वेगाने वाढणारी गाठ दिसली की कोणत्याही डॉक्टरच्या मनात आधी कर्करोगाची शंका येते, आणि ते बरोबरही आहे. शंका फेडण्यासाठी गाठीचा तुकडा काढून तपासतात. एफओपीत हा तुकडा काढणे म्हणजेच नव्या हाडाला आमंत्रण. त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ फसवी दिसते. मग चुकीचे निदान होते आणि काही मुलांना कर्करोगाची औषधेही दिली गेली आहेत.

२००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात १३८ रुग्णांच्या अनुभवांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७ टक्के रुग्णांचे आधी चुकीचे निदान झाले होते. ६७ टक्के जणांवर गरज नसलेल्या, धोकादायक तपासण्या किंवा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ४९ टक्के म्हणजे जवळजवळ निम्म्या रुग्णांची हालचाल अशा वैद्यकीय हस्तक्षेपामुळे कायमची कमी झाली होती. लक्षणे सुरू झाल्यापासून योग्य निदान व्हायला सरासरी चार वर्षे गेली होती. त्या प्रत्येक मुलाच्या पायाचे अंगठे जन्मापासून तिथेच होते. बूट-मोजे काढून कोणी पाहिले असते तर चित्र वेगळे झाले असते.

साध्या गोष्टीही या मुलांना महागात पडतात. दंडात किंवा मांडीत स्नायूपर्यंत जाणारे इंजेक्शन दिले की त्या जागी हाड येऊ शकते. दात काढताना जबड्याच्या मुळाशी भूल दिली तर जबडा कायमचा बंद होऊ शकतो. ‘चोळलं की मोकळं होईल’ म्हणून केलेली जोरकस मालिश, हाडवैद्याने बसवलेला सांधा, ताठ झालेला हात जबरदस्तीने वर करायला लावणारा व्यायाम, या सगळ्यांतून नुकसानच होते. आपल्याकडे मुलाचा सांधा आखडला की घरचे हेच उपाय प्रेमाने करून पाहतात. त्यांत कोणाचा दोष नसतो, पण माहिती नसल्याची किंमत मूल मोजते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ही काळजी निदान झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या मुलापुरती आहे. दहा लाखांत एकाला होणाऱ्या आजाराच्या भीतीने कोणीही बाळाचे लसीकरण चुकवू नये. एफओपी असलेल्या मुलांनाही संसर्गापासून संरक्षण हवेच असते. काही लसी त्यांना स्नायूत न देता त्वचेखाली देता येतात. ते तज्ज्ञ डॉक्टर ठरवतात.

रोजचे जगणे

वयात येईपर्यंत बहुतेक रुग्णांचे खांदे, मान आणि कोपरे ताठ झालेली असतात. विंचरणे, शर्ट घालणे, ताटातला घास तोंडापर्यंत नेणे अशी कामे एकेक करून हातची जातात. विसाव्या-तिसाव्या वर्षापर्यंत अनेकांना चाकाची खुर्ची लागते. तोल गेला तर स्वतःला सावरायला हात पुढे करता येत नाहीत, त्यामुळे साध्या पडण्यातही डोक्याला गंभीर इजा होते. जबडा आखडला तर जेवण पातळ करून घ्यावे लागते, आणि उलटी झाली तर गुदमरण्याची भीती असते. अनेकांना कमी ऐकू येते.

काही रुग्णांपुढे एक विलक्षण निवड येते. शरीर पूर्ण जखडण्याआधी त्यांना ठरवावे लागते की कायम बसलेल्या स्थितीत राहायचे की उभ्या. कंबर आणि गुडघे ज्या कोनात अडकतील त्याच कोनात पुढचे आयुष्य जाणार असते.

सर्वांत मोठा धोका छातीला असतो. श्वास घेताना बरगड्यांचा पिंजरा भात्यासारखा फुगतो. बरगड्यांचे सांधे आणि मधले स्नायू हाडाने जोडले गेले की भाता हलत नाही. श्वासपटल शाबूत असल्याने श्वास चालू राहतो, पण तो उथळ होतो. मग साधा न्यूमोनियाही जीवघेणा ठरतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या रुग्णांचे आयुर्मान सुमारे ५६ वर्षे असावे. त्यात काळजी घेतल्याने फरक पडतो. फुफ्फुसांचा व्यायाम व्हावा म्हणून काही रुग्ण गाणे शिकतात, पाण्यात हलकेच पोहतात. सूज येताच चोवीस तासांच्या आत थोडे दिवस स्टेरॉइड देण्याची पद्धत आहे. त्याने सूज आणि वेदना कमी होते, पण आजार थांबत नाही.

औषधाच्या दारात

जनुक सापडल्यावर औषधाची वाट उघडली. पालोव्हारोटीन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध कूर्चेचे हाड होण्याच्या टप्प्यावर काम करते. २०२२ मध्ये कॅनडाने आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. एफओपीसाठी मान्यता मिळालेले हे पहिले औषध. चाचणीत नवे हाड तयार होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटलेले दिसले. मात्र आधी तयार झालेले हाड त्याने विरघळत नाही. वाढत्या मुलांमध्ये हाडांच्या टोकांवरची वाढीची कूर्चा वेळेआधी बंद होऊन उंची खुंटण्याचा धोका असतो, म्हणून अमेरिकेत ते मुलींना आठ आणि मुलांना दहा वर्षांनंतरच देता येते. गर्भवतीने ते घेतले तर बाळात व्यंग येऊ शकते. युरोपच्या औषध नियामकांनी उपलब्ध पुरावा पुरेसा न वाटल्याने २०२३ मध्ये त्याला परवानगी नाकारली. एकाच औषधाबद्दल दोन खंडांत दोन निर्णय झाले, यावरूनच दुर्मीळ आजारात पुरावा गोळा करणे किती कठीण असते ते कळते.

ॲक्टिव्हिन ए या प्रथिनालाच अडवणारे गॅरेटोस्मॅब हे दुसरे औषध. त्याची चाचणी काही रुग्णांच्या मृत्यूंनंतर २०२० मध्ये थांबवावी लागली. पुढे नव्याने चाचण्या सुरू झाल्या. नॉब थेट बंद करणाऱ्या गोळ्यांवरही काम चालू आहे.

या संशोधनाचा उपयोग मूठभर रुग्णांपुरता राहत नाही. २०१४ मध्ये असे दिसून आले की लहान मुलांच्या मेंदूच्या देठात होणाऱ्या एका घातक कर्करोगात सुमारे पाव रुग्णांमध्ये याच जनुकात बदल असतात. मणक्याला मोठी इजा झालेल्यांत, खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा भाजल्यावर कधीकधी स्नायूत हाड येते. इराक आणि अफगाणिस्तानातल्या स्फोटांत हात-पाय गमावलेल्या सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक जणांत ते आढळले. एफओपी हा या सर्व प्रश्नांचा निसर्गाने मांडलेला सर्वांत स्पष्ट नमुना आहे. आणि उलट बाजूने पाहिले, तर न जुळणारे हाड जुळवायचे कसे, याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

दहा लाखांत एक हे प्रमाण धरले तर भारतात हजारावर आणि महाराष्ट्रात शंभराहून अधिक रुग्ण असायला हवेत, असे साधे गणित सांगते. त्यातले किती जण कोणत्या तरी गावात ‘संधिवात’ किंवा ‘अंगात वात भरला’ एवढ्या निदानावर दिवस काढत असतील, याचा अंदाजच करावा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. त्याअंतर्गत देशातील निवडक संस्था उत्कृष्टता केंद्रे ठरवण्यात आल्या असून मुंबईतील केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. वळलेले अंगठे, अंगावरच्या गाठी आणि आखडत जाणारी मान असा त्रास एकत्र दिसला तर कुठे विचारायचे, याचे उत्तर आता आहे. एफओपीचे निदान रक्ताच्या जनुकीय चाचणीने पक्के करता येते. त्यासाठी गाठ कापावी लागत नाही.

नव्या औषधांची सोय होईपर्यंत सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे वेळेवर झालेले निदान. त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला तेल लावणारी आजी किंवा दाई, पहिल्या तपासणीला आलेली आशा कार्यकर्ती, लसीकरणाच्या दिवशीची परिचारिका, बालरोगतज्ज्ञ, या प्रत्येकाच्या हातात बाळाचे पाऊल एकदा तरी येतेच. दोन्ही अंगठे आखूड आणि आत वळलेले असतील तर ते दरवेळी एफओपीच असेल असे नाही. बोटांना असा आकार यायला इतर कारणेही असतात. पण डॉक्टरांना एकदा दाखवावे, आणि पुढे कधी गाठ आली तर या अंगठ्यांची आठवण करून द्यावी. तेवढ्याने एखाद्या मुलाच्या पाठीवरची सुरी थांबू शकते. निदान झालेल्या मुलाजवळ आजाराचे नाव आणि ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये, गाठीचा तुकडा काढू नये’ एवढे लिहिलेली चिठ्ठी कायम असावी; शाळेलाही त्याची कल्पना द्यावी.

म्यूटर म्युझियममध्ये ईस्टलॅक आता एकटे नाहीत. कॅरोल ओर्झेल या फिलाडेल्फियाच्याच रहिवासी. त्यांनाही एफओपी होता. १९९५ मध्ये डॉ. कॅप्लन यांच्याबरोबर त्यांनी ईस्टलॅक यांचा सांगाडा पाहिला आणि आपल्या मृत्यूनंतर आपलाही सांगाडा इथेच ठेवावा, अशी इच्छा सांगितली. त्यासोबत एक अटही घातली: आपले दागिनेही तिथे मांडले पाहिजेत. ओर्झेल यांना नटण्याची हौस होती, आणि शरीर कितीही जखडले तरी ती हौस त्यांनी सोडली नव्हती. २०१८ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा सांगाडा ईस्टलॅक यांच्या सोबतीला आला. शेजारी त्यांचे दागिनेही आहेत.

दोन्ही सांगाड्यांसमोर वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी येऊन थांबतात. पाठीवरची हाडांची जाळी पाहताना नजर आपोआप वर राहते. जाणकार मात्र त्यांना आधी खाली, पायांच्या अंगठ्यांकडे पाहायला सांगतो.